मेजरच्या बंगल्यातल्या टेलरबाई

कापड हातात आलं की त्या ते आधी उलटं करायच्या. साधा सदरा असो, परकर असो, नाहीतर मुंबईहून पेटीत घालून आणलेला मखमली कोट असो, बाह्या ओढून आतली बाजू बाहेर काढायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि शिवण नाकाजवळ नेऊन बघायची. समोरचा म्हणायचा, "बाई, डिझाइन पुढून आहे." त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"पुढून तर समदेच चांगले दिसतात. आधी आतून दाखवा."

शूटिंगवाले त्यांना टेलरबाई म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणत राहिले.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती एका मालिकेमुळे. मी मूळची यादीवाली बाई. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढली. बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट, ग्रीसचे डबे. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर आहे, कुणी नेली, परत आली की नाही, हे मला कधीही विचारा. पुढं आम्ही जालन्याला राहायला आलो आणि त्याच वर्षी शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात शूटिंगवाले उतरले. त्यांना कपडे आणि सामान सांभाळणारं स्थानिक माणूस हवं होतं. ओळखीतल्या एकानं माझं नाव सुचवलं. नटबोल्टच्या जागी शेरवान्या आणि चहाचे कप आले, बाकी काम तेच.

मालिका जुन्या काळातली होती. निजामाचं राज्य, जालन्याला गोऱ्यांची छावणी, छावणीत एक मेजर, मेजरला एकुलती एक मुलगी, आणि तिच्या घोड्याची देखभाल करणारा एक धनगराचा पोरगा. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. मुलगी घोड्यापेक्षा घोडेवाल्याकडं जास्त बघायला लागते. मेजरची भूमिका करायला आणि मुलीची भूमिका करायला थेट इंग्लंडहून माणसं आली होती. जिनिंगच्या जुन्या गोदामात मेजरचा बंगला उभा राहिला, आणि त्या बंगल्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मी, माझ्या वह्या, टेलरबाई आणि त्यांना शूटिंगवाल्यांनी दिलेली पायमशीन.

टेलरबाईंचं दुकान जुन्या जालन्यात, कापडवाल्यांच्या मागच्या गल्लीत. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. नवरा लवकर गेला. माहेर मेंढरामागचं, वडलांपर्यंत सगळे वर्षातले आठ महिने रानात. शिवणं शिकल्या त्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडून. म्हणून त्यांच्या बोलण्यात अर्धी भाषा बापाची आणि अर्धी उस्तादांची होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांचं आणि मुंबईच्या ड्रेस डिझायनरचं वाजलं. डिझायनर तरुण मुलगी, हुशार, पण घाईत. तिनं घोडेवाल्या पोराचा सदरा करून आणला होता. मळका, फाटका, आणि त्यावर लाल, निळ्या कापडाची ठिगळं, मोठमोठ्या टाक्यांची. टेलरबाईंनी तो उलटा केला, बघितला, पुन्हा सुलटा केला.

"हे कुणाचं हाय?"

"हिरोचं. गरीब दाखवायचाय ना," डिझायनर म्हणाली.

"गरीब माणूस ठिगळ दिसावं म्हणून लावत न्हाई, बाय. त्याच्याकडं एकच सदरा असतो. त्यो तर दिसू नये म्हणून जीव टाकतो. हे ठिगळ पैशेवाल्याच्या डोक्यातलं हाय."

डिझायनरचा चेहरा उतरला. मी वहीत डोकं घातलं. टेलरबाई मात्र काही झालंच नाही अशा मशीनवर बसल्या. त्याच सदऱ्याच्या आतल्या पट्टीतून बोटभर कापड काढलं, त्याचंच ठिगळ केलं आणि हातानं इतक्या बारीक टाक्यांनी बसवलं की मला चष्मा घालूनही ते आधी सापडेना. सापडलं तेव्हा मी त्यावरून बोट फिरवलं. तेवढं एक ठिगळ बघून त्या पोराची आई डोळ्यांसमोर उभी राहत होती. डिझायनरनं तो सदरा दहा मिनिटं हातात धरला आणि मग शहाण्यासारखी म्हणाली, "मास्टरजी, बाकीचे पण तुम्हीच करा." घोंगडी खांद्यावर कशी टाकायची हेही मग त्यांनीच त्या हिरोला दाखवलं. तो बिचारा ती शालीसारखी पांघरून फिरत होता.

मेजरच्या मुलीच्या झग्याची गोष्ट वेगळी. झग्याच्या आत बांधायची एक कडक कंबरपट्टीसारखी चोळी असते, पाठीवर दोऱ्या आवळायची. टेलरबाईंनी आयुष्यात तसली वस्तू पाहिली नव्हती. उलटी केली, आतल्या पट्ट्या चाचपल्या.

"आत एवढं दुखणं, अन् वरून फुलं," त्या म्हणाल्या. "पोरगी जेवती कशी मंग?"

पोरगी जेवत नव्हतीच. दोन दिवसांनी टेलरबाईंनी कुणालाही न विचारता ती चोळी दोन्ही बगलांत दोन-दोन बोटं सैल केली, शिवण अशी मोडून घातली की बाहेरून आकार तोच राहिला. त्या दुपारी ती गोरी मुलगी आमच्या पत्र्याच्या खोलीत आली, फरशीवर बसली आणि टेलरबाईंच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खायला लागली. नाकाडोळ्यांतून पाणी, पण उठेना. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला इंग्रजी. तरी रोज दुपारी दोघींचं काहीतरी बोलणं चालायचं. मी मध्ये अर्थ सांगायला गेले की टेलरबाई म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या मॅडम. आमचं बराबर चाललंय."

सेटवर जेवणाच्या तीन रांगा होत्या. मोठ्या नटांची वेगळी, कामगारांची वेगळी, आणि गर्दीत उभं राहायला गावागावांतून आलेल्या लोकांची तिसरी. तिसऱ्या रांगेला ताक नसायचं. एकदा टेलरबाई त्या रांगांकडं बघून म्हणाल्या, "शूटिंगमधी बी मेजर, अन् जेवणामधी बी मेजर. मंग हे कशाची गोष्ट सांगून राह्यले?" दुसऱ्या दिवशी मी ताकाचे दोन कॅन जास्त मागवले. कारण लिहायच्या रकान्यात 'उन्हाळा' लिहिलं.

त्या रोज मला एक प्रश्न विचारायच्या. "मॅडम, तुमच्याकडं समदी स्टोरी लिहिलेली असती. त्यांचं लगीन लागतं का?"

मी म्हणायचे, "शेवटचे भाग अजून आले नाहीत." हे खरं नव्हतं. आले होते.

एका दुपारी मी विचारलं, "तुम्हाला एवढं काय पडलंय त्या दोघांचं?" त्यांनी सुई थांबवली. मग सांगितलं ते असं. त्यांचा मुलगा बियाण्यांच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला होता. तिथंच एक मुलगी होती. अंबडच्या एका वकिलांची. वकिलांचं घर पिढ्यान्‌पिढ्या शिकलेलं, आजोबाही कोर्टातच. दोघांनी तीन वर्षांपासून ठरवलं होतं. मुलीनं घरी सांगितलं. वकीलसाहेब महिनाभर गप्प होते आणि आता म्हणाले होते की येत्या रविवारी घर बघायला येतो.

"आमी धनगराचे. ते त्यांच्यातले," टेलरबाई म्हणाल्या. "पोरगी चांगली हाय. मला आत्ताच आई म्हणती. पोराला मी सांगितलं, तिचा बाप हो म्हणल तरच. न्हाईतर न्हाई."

आता मुलाकडचं घर बघायला यायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. किती खोल्या, पाणी कसं, शेजार कसा, हे सगळं चहाच्या एका कपात उरकतात. मी लगेच वही उघडली. खुर्च्या हव्यात. चांगले कप हवेत. टेबलावर कापड हवं. पोपडे निघालेल्या भिंतीला काहीतरी हवं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, तर मुलगाही माझ्या बाजूनं. तो म्हणाला, "अन् दुकानातली मशीन, आई. त्या दिवसापुरती शेजारी ठेवू."

टेलरबाईंनी मशीनवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "तुमी दोघं शिकलेले. तुमाला जास्त कळतं."

मशीन काही हलली नाही, फार जड होती. तिच्यापुढं पडदा लावायचं ठरलं. आणि सामान मी आणलं. कुठून, तर मेजरच्या बंगल्यातून. रविवारी शूटिंगला सुट्टी होती. निर्मितीच्या साहेबांची परवानगी घेतली, रीतसर नोंद केली, आणि सहा खुर्च्या, एक टेबलक्लॉथ, एक जाड पडदा आणि निळ्या रेघेचा चहाचा सेट रिक्षात घालून जुन्या जालन्यात उतरवला. मी प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असते. खुर्च्यांच्या चिठ्ठ्या मी सकाळीच ओल्या फडक्यानं काढून टाकल्या. पडद्याचीही काढली. मला माझा फार अभिमान वाटला.

वकीलसाहेब आणि त्यांची पत्नी अकरा वाजता आले. साहेब उंच, सावकाश बोलणारे. मुलगा चहा करायला आत गेला. टेलरबाई इरकल नेसून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन बसल्या होत्या. मी शेजारीण म्हणून हजर.

"नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" साहेबांनी विचारलं.

"येतं तवा येतं," टेलरबाई म्हणाल्या. "टाकी हाय."

"खोल्या किती?"

"दोन. अन् हे पुढचं."

चहा आला. साहेबांनी कप उचलून तोंडाला लावला, आणि मला तो खालून दिसला. कपाच्या बुडावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून मीच ती बुडाला लावली होती, आणि ट्रेमध्ये कप सुलटे ठेवलेले असल्यामुळं सकाळी माझ्याही नजरेला आली नाही. तेवढ्यात त्यांच्या समोर बसलेल्या त्यांच्या पत्नीनं आपला कप उचलला. वकील माणूस, समोर अक्षर आलं की वाचणारच.

"मेजर, दिवाणखाना, कप दोन," त्यांनी शांतपणे वाचलं. मग इकडं तिकडं बघितलं. "मेजर कोण?"

मुलानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. टेलरबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"कप शूटिंगचे हायत," त्या म्हणाल्या. "खुर्च्या बी. टेबलावरचं कापड बी." मग उठल्या आणि पडदा बाजूला ओढला. "ह्यो पडदा बी. ही मशीन माझी हाय. बाजूची खुर्ची बी माझी, पण ती मोडकी हाय म्हणून पुढं आणली न्हाई."

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही, कारण बघितलं असतं तर साहेबांना कळलं असतं. साहेबांनी चहा संपवला, पत्नीनं रुमालानं ओठ टिपले, आणि दोघं उठले. "कळवतो," साहेब म्हणाले.

गुरुवारी मुलीकडून निरोप आला. साहेबांचं म्हणणं असं होतं, की दोन खोल्यांचं काही नाही, शिवणकामाचंही काही नाही. पण पहिल्या भेटीत जे घर दाखवलं ते घर त्यांचं नव्हतं. पुढं काय काय दाखवतील?

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यामागं जात होती, धंदा होता, की खरोखर कप होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पण कारण मी हातात दिलं होतं. वीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक वायसर हरवला नव्हता, आणि इथं एका मुलाचं लग्न हरवायला निघालं होतं. मी टेलरबाईंना म्हटलं, मी साहेबांना फोन करते, सगळं माझ्या अंगावर घेते.

"बिलकुल न्हाई," त्या म्हणाल्या. "घर माझं व्हतं. मी बघत व्हते ना तुमी लावताना? तवा बोलले न्हाई. आता तुमच्या नावानं कशाला रडू?"

मुलगा म्हणाला, "आई, आपण कोर्टात लग्न करू."

"त्याच कोर्टात तिचा बाप रोज उभा ऱ्हातो. त्याच्यासमोरून सही करायला जाशील?"

मुलगा डबा न घेताच कामावर गेला. तिथं मुलगी चार दिवस आलीच नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात शेवटच्या भागांचा आदेश आला. हिरोचे तीन सदरे हवेत, अगदी एकसारखे, डाव्या छातीवर गोळीचं भोक. मला तो कागद टेलरबाईंना वाचून दाखवावाच लागला.

"तीन काहून?"

"सीन तीनदा घ्यावा लागला तर."

"म्हंजे मारतात त्याला."

"हो."

"अन् तुमाला आधीपासून माहीत व्हतं."

मी हो म्हटलं. त्यांनी कात्री उचलली. तीन दिवसांत तीन सदरे झाले. प्रत्येकावर ते पहिलं ठिगळ, त्याच जागी, त्याच मापाचं. मी मोजणारी बाई, मी टाके मोजले. तिन्हींवर सारखेच भरले. मग त्यांनी उदबत्ती पेटवली आणि तिच्या टोकानं एकेक भोक पाडलं, कडा काळ्या होईपर्यंत हलक्या हातानं फिरवत. तिसरा सदरा घडी करून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, रविवारी काय करून राह्यल्या? माझ्यासंगं अंबडला चला."

"कशाला?"

"त्यांनी माझं घर बघितलं. आता मी त्यांचं बघणार."

मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते, मला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. मुलाकडच्यांनी असं उठून मुलीकडच्यांचं घर तपासायला जायचं, तेही नकार आल्यावर, असं मी पाहिलं नव्हतं. पण रविवारी सकाळी आम्ही बसस्थानकावर होतो. बसमध्ये मी पर्समधून कागद काढला. मी मुद्दे लिहून आणले होते, मुलाचा पगार, शिक्षण, स्वभाव, अशा क्रमानं. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "ते तिथं काढू नका. तुमची यादी मागच्या खेपंला लई चालली." आणि स्वतःच हसल्या. मी काहीतरी फळं घेऊ म्हटलं तर तेही नाही. "बघायला जाताना काही नेत नसतात. त्यांनी तरी काय आणलं व्हतं?"

वकीलसाहेब बनियनवर पेपर वाचत बसले होते. आम्हाला बघून गडबडून आत गेले आणि सदरा घालून आले. "तुम्ही? कळवलं असतं तर..."

"घर बघायला आले," टेलरबाई म्हणाल्या. "पोरगी वाढली कुठं ते बघावं म्हणलं. तुमी माझं बघून गेल्ते, मी तुमचं बघायची ऱ्हाऊन गेल्ते."

साहेबांनी सदऱ्याचं राहिलेलं बटण लावलं. त्यांनी सोफ्याकडं हात केला. आम्ही बसलो. सोफ्याला फुलाफुलांची खोळ होती, कडक इस्त्रीची. टेलरबाई बसल्या आणि सवयीनं त्यांचा हात खोळीच्या कडेला गेला. कापड दिसलं की तो हात थांबत नसे. त्यांनी कड उलटी केली. खाली रेक्झीन फाटलेलं होतं, आतला फोम बाहेर आलेला, आणि त्यावर एक जुना टॉवेल दाबून बसवलेला. साहेबांच्या पत्नी पाण्याचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. साहेबांनीही बघितलं. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता या बोलणार. बोलल्या असत्या तर खटला तिथल्या तिथं जिंकला असता.

टेलरबाईंनी खोळ पूर्वीसारखी केली. तळहातानं दोनदा दाबून सरळ केली. मग थोडं सरकून बाजूला जागा केली आणि म्हणाल्या, "बसा ना वहिनी. तुमी उभ्या काहून?"

वहिनी बसल्या. त्यानंतर काय झालं ते मी नीट क्रमानं सांगू शकत नाही, कारण घरातलं बोलणं एकदम सोपं झालं. टेलरबाईंनी स्वयंपाकघर बघितलं. मुलगी कुठं बसून अभ्यास करायची ते विचारलं. वहिनींनी खिडकीजवळचं टेबल दाखवलं, मग कपाटातून मुलीच्या लहानपणचे फ्रॉक काढले. टेलरबाईंनी चष्मा कपाळावर चढवून एक फ्रॉक उलटा केला.

"ही शिवण कुणाची?"

"माझीच. हातानं शिवायचे मी," वहिनी म्हणाल्या.

"हात चांगला हाय तुमचा. धागा जरा ओढता."

"ओढते खरी," वहिनी म्हणाल्या. "आमच्या आईपण हेच म्हणायच्या."

मुलगी दाराआडून बघत होती. तिला टेलरबाईंनी नुसती मान हलवून जागेवर राहायला सांगितलं.

बाहेर आल्यावर त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "पाण्याचं कसं हाय?"

साहेब थोडे चमकले. "आठवड्यातून एकदा येतं."

"म्हंजे आमच्यापेक्षा बरं हाय." मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "घर पसंत हाय मला. माझ्याकडून होकार समजा. तुमचं तुमी सावकाश कळवा. जल्दी न्हाई. पण तुमी हो म्हणायच्या आधी पोरं काही करणार न्हाईत, एवढं मी बघन."

साहेबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "ते कप."

मला राहवलं नाही. "साहेब, ते कप मी आणले होते. खुर्च्याही. यांचा काही..."

"मॅडमनं आणले," टेलरबाईंनी मला मध्येच थांबवलं, "पण लावले माझ्या घरात, माझ्यासमोर. पोराचं जमावं म्हणून मी गप्प बसले. चूक माझी हाय. पुन्यांदा व्हनार न्हाई."

साहेबांनी टेलरबाईंकडं बघितलं, मग सोफ्याकडं, मग पत्नीकडं. "ऊन फार आहे," ते म्हणाले. "जेवून जा."

आमच्याकडं सोयरीक ठरेपर्यंत लोक चहापोह्यांवर भागवतात. एकमेकांच्या पानावर बसले की बोलणं पुरं झालं. टेलरबाईंनी पदर नीट केला आणि वहिनींकडं बघितलं.

"कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या," वहिनी म्हणाल्या. "मी मघाशीच दोघींचा भात जास्त टाकला."

साहेब पत्नीकडं बघतच राहिले. त्या घरात निकाल आधीच लागला होता, फक्त वकिलांना तो उशिरा कळला.

लग्न त्याच उन्हाळ्यात अंबडलाच झालं. त्या दिवसातलं मला एकच सांगायचं आहे. कोर्टातली सगळी मंडळी आली होती, न्यायाधीशसुद्धा. वकीलसाहेब प्रत्येकाला टेलरबाईंजवळ घेऊन जात होते आणि कुणी विचारायच्या आधीच सांगत होते, "ह्या आमच्या विहीणबाई. जालन्याला टेलरिंग करतात." टेलरबाई दर वेळी नमस्कार करत होत्या आणि न्यायाधीशांच्या कोटाच्या बाहीकडं बघत होत्या. तिथं एक टाका निघाला होता.

आता त्या जालन्यात नाहीत. मुलाची आणि सुनेची बदली हैदराबादला झाली आणि त्या मशीनसकट गेल्या. गल्लीतल्या त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. मी कापड घ्यायला तिकडं गेले की पाय अजून त्या दारापाशी रेंगाळतात. दुसऱ्या टेलरकडं ब्लाऊज टाकते, घरी आणते, उलटा करते आणि दर वेळी वाटतं, आतलं आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या हैदराबादला जाण्याआधीची एक संध्याकाळ मात्र माझ्याजवळ आहे. मालिकेचा शेवटचा भाग होता आणि वकीलसाहेबांनी आम्हा सगळ्यांना अंबडला बोलावलं होतं. मुलगा-सून, टेलरबाई, वहिनी, मी, सगळे टीव्हीसमोर. हिरोला छावणीच्या मैदानात आणलं, तेव्हा पडद्यावर तो सदरा दिसला. सूनबाईनं माझा हात दाबला. टेलरबाई उठल्या आणि न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. गोळीचा आवाजही आला. भाग संपला तरी त्या बाहेर आल्या नाहीत, तेव्हा साहेब उठून आत गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेले.

"संपलं, विहीणबाई," साहेब म्हणाले. "या आता."

"पोरीचं काय झालं?"

"बोटीत बसून इंग्लंडला गेली."

"अन् तिचा बाप?"

"मेजर? तो राहिला इथंच. बंगल्यात, एकटा."

टेलरबाईंनी गॅस बारीक केला. उकळी खाली बसेपर्यंत त्या पातेल्याकडं बघत होत्या.

"त्याच्या घरी कुणी गेलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढ्या माणसांत एक जण बी जाऊन बसलं न्हाई त्याच्याजवळ."

हातात टीव्हीचा रिमोट धरून साहेब ओट्याजवळ तसेच उभे राहिले.